‘घाट उतरलो’ या मेसेजशिवाय

काळजी वाटली की माणूस काहीतरी करतो. कुणी फोन लावतं, कुणी गुगलवर लक्षणं शोधतं, कुणी कपाट आवरायला घेतं. मी मोजायचे आणि विचारायचे. बँकेत नोटा पुन्हा पुन्हा मोजायच्या आणि घरच्यांना ‘पोचलात का’ हे पुन्हा पुन्हा विचारायचं. या दोन गोष्टींमुळेच आपण तग धरून आहोत, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. उपचारांत कळलं ते याच्या उलट. माझी काळजी जगत होती ती याच सवयींच्या जिवावर. हे समजायला थोडा वेळ लागला आणि अंगवळणी पडायला बरेच महिने. ते कसं घडत गेलं हे तपशिलात लिहावंसं वाटतं, कारण ‘चांगले विचार करा’ या सल्ल्याचा मला कधी उपयोग झाला नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांना होत नसणार.

मी साताऱ्यात एका नागरी सहकारी बँकेत रोखपाल आहे. घरी मिस्टर आणि सासूबाई. लेक पुण्यात इंजिनिअरिंगला, होस्टेलवर राहते. मिस्टर शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत, रोज गाडीने जाऊन-येऊन करतात. तो रस्ता माहीत असणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पुण्याच्या दिशेने जाताना खंबाटकीचा बोगदा आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं एस आकाराचं वळण, परतताना घाट. त्या वळणावरच्या अपघातांच्या बातम्या आमच्याकडच्या पेपरात नेहमीच्या. म्हणजे माझी काळजी हवेतली नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण ‘तू उगाच काळजी करतेस’ असं कुणी म्हटलं की मला फार लागायचं. वळण खरं होतं, अपघात खरे होते. बँकेतही तसंच. दिवसअखेर कॅश शॉर्ट आली तर ती रोखपालाने स्वतःच्या खिशातून भरायची, ही बँकांतली जुनी रीत आहे.

पुन्हा पुन्हा मोजण्याची सुरुवात कधी झाली तेही मला सांगता येतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्या काउंटरसमोरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असायची. रात्री उशिरापर्यंत मोजणी चाले. प्रत्येक गड्डी दोन-तीनदा मोजणं त्या दिवसांत गरजेचंच होतं. पुढे गर्दी ओसरली, माझं मोजणं मात्र तेवढंच राहिलं. मग करोना आला आणि त्यात घरच्या माणसांची भर पडली. कोण कुठे आहे, पोचलं का, खोकतंय का. साथ गेली, विचारणं राहिलं. एके काळी ज्या सवयीने खरोखर मदत केलेली असते ती सोडणं का अवघड जातं, याचं उत्तर मला या दोन प्रसंगांमध्ये सापडतं.

डॉक्टरांकडे मी गेले ती मात्र मनासाठी नाही. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची, छाती धडधडायची, मान आखडलेली असायची, सकाळी जबडा दुखायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी केला, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासलं. सगळं नॉर्मल आलं. दोन दिवस हलकं वाटलं आणि मग ‘काही तपासायचं राहिलं तर नसेल?’ हे सुरू झालं. मी पुन्हा तपासण्या लिहून मागितल्या तेव्हा त्यांनी शांतपणे नाही म्हटलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या नकाराबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली असती तर मी रक्त देत राहिले असते.

मानसोपचारतज्ज्ञांनी सात प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. जीएडी-७ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त म्हणजे मध्यम चिंता, पंधरा किंवा जास्त म्हणजे तीव्र. माझे १६ आले. नुसत्या गुणांवर निदान होत नाही, त्यांनी बराच वेळ बोलून माझी सगळी हकिकत ऐकून घेतली. सहा महिन्यांहून जास्त काळ, अनेक गोष्टींबद्दल, आवरू म्हणता न आवरणारी काळजी असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, इतकं सरळ त्यांनी सांगितलं. गोळी सुरू केली. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळेल, आणि बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे तिन्ही त्यांनी कागदावर लिहून दिलं. सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. गोळीबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, पण तिने झोप सुधारली आणि झोप सुधारल्यामुळे पुढची मेहनत करता आली, हे नोंदवायलाच हवं.

मॅडमनी पहिल्या दोन भेटींत काळजीबद्दल फारसं विचारलंच नाही. काळजी वाटली की तुम्ही काय करता, असं विचारलं. वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात मी काय केलं ते, दुसऱ्यात त्यामुळे किती वेळ बरं वाटलं ते. आठवडाभर लिहून आणलं. गड्डी मशिनवर घातली, मग हाताने मोजली, मग परत मशिनवर, मग बंद करताना शेजारच्या सहकारी बाईंना ‘तुम्ही पाहिलंत ना’ असं विचारलं. मिस्टरांचा सकाळी ‘बोगदा ओलांडला’ आणि संध्याकाळी ‘घाट उतरलो’ असा मेसेज. तो आला नाही तर फोन. लेकीचं व्हॉट्सॲपवरचं लास्ट सीन बघणं. गॅसच्या नॉबचा फोटो काढून ऑफिसात उघडून बघणं. पेपरातलं अपघातांचं पान न वाचता उलटणं. मोठी रक्कम काढायला आलेल्या ग्राहकाला दुसऱ्या काउंटरवर पाठवणं. लिहिताना वाटलं नव्हतं, पण पान भरलं आणि उलटून मागेही लिहावं लागलं.

दुसरा रकाना मात्र सगळीकडे सारखाच होता. लगेच बरं वाटलं, आणि थोड्याच वेळात नवीन काहीतरी. ‘घाट उतरलो’ आला की पाच मिनिटं निवांत, मग सुरूर ते साताऱ्याच्या रस्त्याची काळजी. जुनं व्याज फेडायला नवं कर्ज काढावं, तसा तो प्रकार चालला होता. मॅडमनी त्या पानाकडे बघून एक गोष्ट समजावली आणि ती माझ्या डोक्यात कायमची बसली. मनात शंका येते, जीव कासावीस होतो, आपण खात्री करून घेतो, जीव भांड्यात पडतो. इथे मेंदू काय शिकतो? मेंदू शिकतो की खात्री केली म्हणून वाचलो. इतकी वर्षं मिस्टर रोज सुखरूप घरी येत होते आणि माझ्या मेंदूच्या हिशेबात त्याचं श्रेय त्यांच्या गाडी चालवण्याला न जाता मेसेजला जात होतं. मेसेज न येताही ते सुखरूप येतात, हे शिकण्याची संधी मी मेंदूला कधी दिलीच नव्हती.

मग विचारांची वही सुरू झाली. ही पद्धत मूळची ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या कामातून आली. फिलाडेल्फियात रुग्णांशी बोलताना १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की माणूस तोंडाने जे सांगत असतो त्याच्या खाली आणखी एक विचारांची धार आपोआप, भराभर वाहत असते आणि भावना उठतात त्या तिच्यातून. त्याआधी १९५५ पासून मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कमध्ये असंच काहीसं सांगत होते. घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, तिच्याबद्दलची आपली धारणा करते. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे मुंबईत किशोर फडके यांनी रुजवली, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनामुळे, व्याख्यानांमुळे ती मराठी घरांत पोचली. मीही ती व्याख्यानं पूर्वीच ऐकली होती. शब्दन् शब्द पटायचा. पटलेलं असूनही हात परत गड्डीकडे जायचा. पटणं आणि बदलणं यांच्यामध्ये जे करावं लागतं त्याचीच ही हकिकत.

वहीत रकाने असे: काय घडलं, काय वाटलं आणि शंभरपैकी किती, मनात नेमका कोणता विचार आला, त्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि आता किती वाटतंय. माझी गाडी तिसऱ्या रकान्यात अडली. विचार जसाच्या तसा लिहायचा होता. ‘यांना अपघात झाला असेल’ हे शब्द माझ्या हाताने कागदावर उतरेनात. लहानपणापासून ऐकलेलं, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. सासूबाई तर दिवेलागणीच्या वेळी कुणी वावगं बोललं तर लगेच गप्प करतात. मी वहीत ‘ते’, ‘नको ते’, ‘तसलं काही’ असं लिहून नेलं. मला वाटलं मॅडम समजुतीला नावं ठेवतील. त्यांनी नाही ठेवली. त्या म्हणाल्या, “विचाराने घटना घडते असं तुमच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटतंय. तो कोपरा किती खरं सांगतो ते तपासून बघू. छोट्या गोष्टीवर.” मग मी रोज सकाळी आंघोळीनंतर वहीत लिहायला लागले: आज आमचा मिक्सर बंद पडेल. मन लावून, डोळ्यांपुढे आणून. मिक्सर चालत राहिला. त्यानंतर कमी धोक्याचं, मग जरा जास्त धोक्याचं, असं करत अखेरीस ते पूर्ण वाक्य मी लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले होते. संध्याकाळी मिस्टर नेहमीच्या वेळी आले, पण त्या दिवशी त्याहून मोठी गोष्ट घडली होती. विचार कागदावर आला आणि प्रथमच मला तो वाचता आला. तोवर मी त्याच्यापासून पळत होते आणि पळताना कशाचाच चेहरा नीट दिसत नाही.

वाचायला लागल्यावर माझ्या विचारांची वळणं दिसू लागली. एक वळण शेवटच्या टोकाला उडी घेण्याचं. लेकीने फोन उचलला नाही इथून थेट पोलिसांचा फोन आला इथपर्यंत, मधल्या पायऱ्या नाहीतच. मॅनेजर साहेबांचा चेहरा गंभीर दिसला की ‘माझ्याबद्दलच काहीतरी’ हे दुसरं. सगळी जबाबदारी स्वतःवर ओढण्याचं तिसरं. याच्यासाठी मॅडमनी एक वर्तुळ काढायला लावलं. कॅश शॉर्ट येण्याची कारणं कोणकोणती आणि प्रत्येकाचा वाटा किती, ते त्यात भरायचं. दुसऱ्या शाखेतून आलेल्या गड्डीत नोट कमी असणं, व्हाउचर चुकीच्या बाजूला पडणं, घाईत जास्त पेमेंट होणं, मशिनने चिकटलेली नोट एकच धरणं. माझ्या निष्काळजीपणाचा वाटा सगळ्यात शेवटी भरायचा, अशी अट होती. तोपर्यंत वर्तुळात जागाच थोडी उरली होती.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चौथ्या वळणाने, आणि त्याबद्दल जरा थांबून लिहायला हवं. भावना हाच पुरावा मानण्याची ही सवय. माझ्या वहीत ‘बाजूने पुरावा’ या रकान्यात कितीतरी वेळा एकच गोष्ट लिहिलेली असायची: छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, म्हणजे काहीतरी झालंच असणार. आपल्याकडे याला मान आहे. ‘आईच्या काळजाला कळतं’ असं आपण म्हणतो. नंतर कधी खरंच काही झालं तर ‘मला आधीच कळलं होतं’ असंही म्हणतो. ज्या शेकडो वेळा काळीज धडधडलं आणि काही झालं नाही त्या वेळा कुणी मोजत नाही. मी मोजल्या. धडधडीची तारीख आणि त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडलं, असं एक वेगळं पान केलं. त्या पानावर धडधड आणि संकट यांची गाठ पडलेली एकही ओळ नव्हती. दुपारचा चहा जास्त झाला किंवा आदली रात्र अपुरी झोपेची असली की धडधड होती, हे मात्र स्पष्ट दिसलं.

इथवर वाचून वाटेल की वहीनेच काम झालं. नाही झालं. काही आठवड्यांनी मॅडमनी माझी वही उलटून पाहिली आणि एका पानावर बोट ठेवलं. लेक फोन उचलत नव्हती तेव्हा मी ‘विरुद्ध पुरावा’ मध्ये ती सुखरूप असण्याची कारणं लिहिली होती. लॅब असेल, फोन सायलेंटवर असेल, चार्जिंग संपलं असेल, मैत्रिणी सोबत असतील, पान भरून. मॅडम म्हणाल्या, “हे विचार तपासणं नाही. तुम्ही वहीकडे खात्री मागताय.” तसंच होतं ते. फोन करायचा नाही म्हणून मी तेच काम वहीकडून करून घेत होते. ज्या गोष्टीने मला पछाडलं होतं ती अपघाताच्या शक्यतेपेक्षा वेगळीच होती. मला अनिश्चित काहीही सहन होत नव्हतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल दुगास यांनी याच मुद्द्यावर बरंच संशोधन केलं आहे: सतत काळजी करणाऱ्या माणसाला संकटाइतकंच, किंबहुना जास्त, ‘माहीत नाही’ हे झोंबतं. त्या दिवसापासून शेवटच्या रकान्यात लिहायचं वाक्य बदललं. ‘ती बहुधा ठीक आहे’ इथे आधी पूर्णविराम होता. आता पुढे लिहायचं: ‘नक्की माहीत नाही, आणि नक्की माहीत नसताना मी भाजी चिरू शकते.’ आणि खरोखर भाजी चिरायची.

विचार दाबून टाकायचा प्रयत्नही त्यांनी सोडायला लावला. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८७ चा प्रयोग त्यांनी सांगितला. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर ते अस्वल मनात वारंवार येत राहिलं, आणि नंतर मुभा दिल्यावर आधी न दाबणाऱ्यांपेक्षा जास्तच आलं. त्याऐवजी काळजीला वेळ ठरवून द्यायची. ही कल्पना १९८० च्या दशकात थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिली होती. माझी वेळ संध्याकाळी साडेसहा, अर्धा तास, गच्चीतली प्लास्टिकची खुर्ची. पलंगावर नाही, देवघरात नाही, जेवायच्या टेबलाशी नाही. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि साडेसहाला तिच्याशी बसायचं. सुरुवातीला चिठ्ठी लिहूनही ती काउंटरवर माझ्याबरोबर बसायची. हळूहळू व्हायला लागलं काय, की साडेसहाला चिठ्ठ्या उघडल्या की निम्म्या शिळ्या झालेल्या असत. ज्या उरत त्यांतल्या काहींवर करण्यासारखं काम असे, आरसी बुकची प्रत काढणं, लेकीच्या फीची तारीख. ते काम नोंदवायचं. उरलेल्यांवर करण्यासारखं काहीच नसे. त्या तशाच ठेवून वेळ संपली की खाली यायचं.

आता मोजणीकडे येते. ही पायरी मला सगळ्यात जास्त अशक्य वाटली होती. बँकेचा नियम आहे तितकंच मोजायचं, एकदा मशिन आणि एकदा हात, असं ठरलं. आधी भाकीत लिहायचं होतं. मी लिहिलं: आठवडाभरात कॅश शॉर्ट येईल, विश्वास ८० टक्के. आली तर मला झोप लागणार नाही, साहेब मला काउंटरवरून काढतील, सगळ्यांत नाचक्की होईल. पहिले काही दिवस बोटं अक्षरशः शिवशिवायची. गड्डीला पट्टी लावून बाजूला ठेवताना अंगावर काटा येई. कॅश जुळत गेली. आणि मग एका संध्याकाळी पाचशे रुपये शॉर्ट आले. व्हाउचर, स्क्रोल म्हणजे दिवसाच्या व्यवहारांची यादी, सगळं पाहिलं, कारण सापडलं नाही. मी पाचशे रुपये भरले, नोंद झाली, साहेबांनी सही केली आणि “चला, उशीर झाला” म्हणाले. बस्स. त्या रात्री मला उशिरा झोप लागली, पण लागली. काउंटर माझंच राहिलं.

कॅश कायम जुळत राहिली असती तर मला इतकं शिकायला मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आपण सारखं स्वतःला समजावत राहतो की काही वाईट होणार नाही. वाईट होतं कधीकधी. मी ज्याला घाबरत होते ते घडलं आणि त्याला पेलायची ताकद माझ्यात होती, ही माहिती मला कुठल्याच दिलाशातून मिळाली नसती. त्या पानावर मॅडमनी भाकीत आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी लिहायला लावलं. ते पान मी आजही काढून बघते.

मेसेजचं प्रकरण दोघांचं होतं, म्हणून एका भेटीला मिस्टरांना बोलावलं. ते म्हणाले, “हिला नुसतं ‘पोचलो’ म्हटलं की बरं वाटतं. ती दोन अक्षरं न टाकणं मला निर्दयपणाचं वाटेल.” मॅडमनी त्यांचं म्हणणं नीट ऐकलं आणि शिडी आखून दिली. आधी सकाळचा मेसेज बोगद्याऐवजी कारखान्यात पोचल्यावर. मग तो अर्धा तास उशिरा. मग सकाळचा बंद, मग संध्याकाळचाही. मी घरी विचारायला लागले तर त्यांनी एवढंच म्हणायचं, “अगं, हा काळजीचा प्रश्न आहे का? तसा असेल तर उत्तर देत नाही, पण इथे बसतो तुझ्याजवळ.” हे वाक्य आम्ही तिथेच बसून एकमेकांना म्हणून पाहिलं. पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापला होता.

संध्याकाळचा मेसेज बंद झाल्यावरच्या दिवसांत एकदा घाटात कंटेनर बंद पडला आणि वाहतूक खोळंबली. मला ते माहीत नव्हतं. नेहमीची वेळ उलटून गेली. मी दर दहा मिनिटांनी वहीत आकडा लिहीत होते: ९०, ९५, ९५, ९०. फोन समोर होता. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “लाव की गं फोन.” मी त्यांना म्हटलं, “आई, अजून थोडा वेळ बघू.” पोळ्या केल्या. आकडा ९० वरच होता, पण पोळ्या होत होत्या. आणि मग काहीही न करता, कुठलीही बातमी न येता, तो उतरायला लागला. ८०, ६५, ५०. मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. काळजी खात्रीशिवायही ओसरते, नुसत्या वेळाने. आजवर मी तिला तेवढा वेळच दिला नव्हता. मिस्टर आले तेव्हा मी ४० वर होते. (योग्य ती काळजी आणि ही काळजी यांत फरक आहे, हेही आम्ही ठरवून ठेवलं होतं. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास उलटले तर कुठलंही घर फोन करेल, तसा आम्हीही करणार.)

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. एके दिवशी त्यांनी विचारलं, “तुला आता त्याची काळजी वाटत नाही का गं?” त्यांच्या स्वरात दुखावल्यासारखं काही होतं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं त्याच म्हणतात, आणि तरीही काळजी करणं हीच माया, हे त्यांच्या पिढीने मनात खोल रुजवलेलं आहे. माझ्याही मनात तेच होतं. काळजी सोडली तर आपण पत्नी म्हणून, आई म्हणून उणे पडू, ही भीती मेसेज बंद होण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. वहीत लिहून पाहिलं. लेकीवरचं प्रेम मी कशातून दाखवते? जेवलीस का, पोचलीस का, खोलीत कोण आहे. प्रश्नच प्रश्न, आणि सगळे माझ्या जिवाच्या शांतीसाठी. ते बंद केल्यावर फोनवर सुरुवातीला बोलायलाच काही सुचेना. मग एकदा मी तिला विचारलं, तुमच्या त्या प्रोजेक्टमध्ये नक्की बनवताय काय? ती बराच वेळ सांगत होती. आता ती आपणहून फोन करते. पूर्वी ती माझे फोन टाळायची, हे तिने खूप नंतर सांगितलं. सासूबाईंना मी काही समजावलं नाही. त्यांच्यासोबत रोज संध्याकाळी गच्चीत फेऱ्या मारायला लागले. त्या त्यांच्या काळज्या बोलतात, मी ऐकते.

श्वासाचं थोडक्यात. लांब श्वास सोडण्याचा सराव मला शिकवला होता आणि तो चांगला आहे. पण ‘श्वास घेतला नाही तर मला काहीतरी होईल’ म्हणून घेतला की तोही गॅसच्या फोटोसारखाच होतो. आता मी तो झोपण्याआधी करते, घाबरल्यावर नाही.

गोळी डॉक्टरांनी त्यांच्या वेळापत्रकाने हळूहळू कमी करत बंद केली. शेवटच्या वेळी त्या सात प्रश्नांचे माझे ६ गुण आले. शून्य आले नाहीत, येणारही नाहीत. शून्य हवं हा हट्ट हेच काळजीचं पुढचं रूप असतं, असं मॅडम म्हणाल्या. मला ते खरं वाटतं. शेवटच्या भेटीत आम्ही ‘पुन्हा सुरू झालं तर’ असं एक पान लिहिलं. सुरुवातीच्या खुणा: गड्डी तिसऱ्यांदा हातात घेणं, लास्ट सीन उघडणं, सकाळी जबडा दुखणं. यातली एखादी दिसली की वही आणि साडेसहाची खुर्ची परत सुरू करायची. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मॅडमना फोन. लेकीच्या परीक्षेच्या वेळी एकदा ते पान वापरावं लागलं, आणि ते उपयोगी पडलं.

साताऱ्यात मला मॅडम मिळाल्या. सगळ्यांना गावात अशी सोय असेलच असं नाही आणि फी परवडेल असंही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवता येतं. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने मध्यरात्री तिथे फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी तिला सगळं बोलू दिलं आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात कुठल्या वेळेत कुणाकडे जायचं ते सांगितलं. ती गेली. मी तिच्यासोबत गेले होते, आणि येताना दुकानातून तिच्यासाठी एक दोनशेपानी वही घेतली.